पॉपला : खासगी पार्किंगच्या नोटिशीवर दाद मागताना

इंग्लंडमध्ये खासगी जागेत गाडी उभी केल्याबद्दल एखाद्या कंपनीची नोटीस आली आणि ती कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असली, तर कंपनीने तक्रार फेटाळल्यानंतर 'पॉपला'कडे अपील करता येते. पार्किंग ऑन प्रायव्हेट लँड अपील्स या नावाचे हे लघुरूप आहे. गाडीवाल्याला या सेवेसाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. खर्च पार्किंग कंपन्या उचलतात. २०२५च्या वसंतात आम्हाला या सेवेचा पूर्ण अनुभव आला आणि निकाल आमच्या बाजूने लागला. तरीही माझे मत सरसकट कौतुकाचे नाही. पॉपला कागद चांगले वाचते, माणसाची अडचण मात्र जवळजवळ ऐकतच नाही. हे आधी ठाऊक असणाऱ्याला तिचा उपयोग होतो. ज्याला ते ठाऊक नसते, त्याच्या हातून साठ पौंडांत मिटणारे प्रकरण शंभरावर जाते.

प्रकरण असे घडले. माझे सासू-सासरे साताऱ्याहून आले होते. शनिवार, ८ मार्च रोजी आम्ही चौघे मिल्टन कीन्सजवळच्या एका रिटेल पार्कमध्ये गेलो. तेथे दोन तास पार्किंग मोफत असते. सासूबाईंच्या सुजलेल्या पायाला बेतशीर बसेल असा बूट मिळण्यातच दीड तास गेला. मग चहा झाला, आणि निघता निघता त्यांची पर्स कॅफेतच राहिल्याचे लक्षात आले. पर्स मिळाली, आम्ही घरी आलो आणि तो दिवस विसरूनही गेलो. अठरा दिवसांनी, बुधवारी २६ तारखेला, लखोटा दारात पडला. त्यात आमच्या गाडीच्या नंबरप्लेटचे दोन फोटो होते, आत शिरताना १३:१२:४० आणि बाहेर पडताना १५:४१:०५. म्हणजे आम्ही २ तास २८ मिनिटे तेथे होतो. रक्कम १०० पौंड; चौदा दिवसांत भरल्यास ६० पौंड.

सासरे निवृत्त लेखापाल आहेत. त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि विचारले, "पण ही पावती फाडली कोणी?" साताऱ्यात पावती फाडणारा पोलीस निदान समोर उभा असतो, त्याच्याशी चार शब्द बोलता येतात. येथे खांबावरचा कॅमेरा नंबर टिपतो, कंपनी वाहन नोंदणी खात्याला, म्हणजे डीव्हीएलएला, अडीच पौंड देऊन गाडीच्या नोंदणीकृत मालकाचे नाव आणि पत्ता मिळवते आणि पत्र रवाना होते. २०२३-२४ या एका वर्षात कंपन्यांनी अशा सुमारे १ कोटी २८ लाख नोंदी मागवल्या होत्या. सासऱ्यांचा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका भाबडा नव्हता. ती पावती कोणीच फाडलेली नव्हती.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडची बरीच मंडळी त्यावरच फसतात. नगरपालिकेची नोटीस 'पेनल्टी चार्ज नोटिस' असते आणि खासगी कंपनीची 'पार्किंग चार्ज नोटिस'. दोन्हींचे लघुरूप पीसीएनच. पहिली कायद्याने आकारलेला दंड असते. दुसरी केवळ कराराच्या आधारे केलेली मागणी असते: फलकावरच्या अटी वाचून तुम्ही गाडी लावली, म्हणजे त्या मान्य केल्या, अटी मोडल्या, आता ठरलेली रक्कम द्या, असा तो युक्तिवाद असतो. खासगी नोटीस हा गुन्हा नव्हे. तिची पोलिसांत नोंद होत नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने व्हिसाला बाधा येईल या भीतीने अशा दोन नोटिशींचे पैसे त्याच दिवशी भरले होते, आणि त्यांतली एक तर सरळसरळ चुकीची होती.

याच्या नेमका उलटा सल्ला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मिळाला: "फाडून टाका, काही होत नाही." हा सल्ला देणारे काका १९९८पासून या देशात आहेत आणि त्यांच्या काळी तो बराचसा बरोबरही होता. त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे कंपनीला सिद्ध करता येत नसे आणि मालकावर जबाबदारी ढकलण्याची कायदेशीर सोय नव्हती. १ ऑक्टोबर २०१२ रोजी हे चित्र पालटले. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टमुळे इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत चाकाला जॅमर लावण्यावर त्या दिवसापासून बंदी आली. त्याच्या मोबदल्यात म्हणा, त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना काही अटींवर थेट मालकाकडून पैसे मागण्याचा अधिकार दिला. पॉपलाचे कामही त्याच महिन्यात सुरू झाले. पुढे ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमधली ८५ पौंडांची मागणी वैध ठरवली. तेथेही मर्यादा दोन तासांचीच होती आणि गाडी जवळजवळ तासभर जास्त थांबली होती. तेव्हापासून "एवढ्याशा उशिराला एवढे पैसे कसे?" हा प्रश्न निदान कायद्यापुरता मिटला आहे. आज नोटीस फाडून टाकली तर आधी वसुलीची पत्रे येतात, रकमेत सत्तर पौंडांपर्यंत भर पडते, आणि कंपनीने मनावर घेतले तर प्रकरण काउंटी कोर्टात जाते. कोर्टाचा कागदही न उघडता फेकला, तर एकतर्फी निकाल लागतो आणि महिन्याभरात पैसे न भरल्यास त्याची नोंद पतअहवालात सहा वर्षे राहते. घराचे कर्ज काढणाऱ्याला ती फारच महागात पडते.

तेव्हा तक्रार करायचे ठरले. नियमाप्रमाणे पहिली तक्रार कंपनीकडेच करावी लागते. गाडी नवऱ्याच्या नावावर असल्याने त्याने ती लिहिली, आणि आपण सगळे शाळेत शिकलो त्याच वळणाने लिहिली. सविनय सादर, की वृद्ध आईवडिलांना घेऊन आम्ही आलो होतो, आईचा पाय दुखत होता, पर्स हरवली होती, खरेदीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत, तरी कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. अर्ज इंग्रजीत होता, पण आत्मा रजेच्या अर्जाचा. कंपनीचे उत्तर आठवड्यात आले. त्यात आईच्या पायाचा उल्लेख एका ओळीत होता, नकार तीन परिच्छेदांत होता, ६० पौंडांची सवलत आणखी चौदा दिवस लागू राहील असे आश्वासन होते आणि तळाशी पॉपलासाठी दहा आकडी संकेतांक होता.

या टप्प्यावर खरा निर्णय करावा लागतो. पॉपलाकडे अपील केले की सवलत संपते. हरलात तर पूर्ण १०० पौंड. संकेतांक अठ्ठावीस दिवस चालतो, सवलत मात्र चौदाच दिवस, त्यामुळे विचार करायला मिळणारा वेळ वाटतो त्याच्या निम्माच असतो. सेवा फुकट आहे असे म्हणताना हा चाळीस पौंडांचा डाव कोणी सांगत नाही. नियमांच्या चौकटीतच अपिलाला अशी किंमत ठेवलेली आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते. सरकारने २०२२च्या फेब्रुवारीत बऱ्याच कडक तरतुदींची आचारसंहिता जाहीर केली होती. ती त्याच वर्षी जूनमध्ये मागे घेतली गेली. २०२४पासून चालते ती कंपन्यांच्या दोन संघटनांनी मिळून तयार केलेली संहिता.

डाव खेळावा की नाही, हे ठरवण्यासाठी नोटीस पुन्हा काढून टेबलावर ठेवली. ते काम सासऱ्यांनी केले. वहीत उभ्या रेघा मारून त्यांनी तारखा मांडल्या. कायदा असे सांगतो की कॅमेऱ्यावर आधारलेली नोटीस मालकाला पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून चौदा दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. आणि टपालाने पाठवलेली नोटीस, उलट पुरावा नसल्यास, टाकल्यापासून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोहोचली असे धरले जाते. ८ मार्चची घटना, म्हणजे ९ मार्च हा पहिला दिवस आणि २२ मार्च चौदावा. नोटिशीवर काढल्याची तारीख होती शुक्रवार, २१ मार्च. शनिवार-रविवार सोडले तर ती पोहोचल्याचे धरता येते मंगळवारी, २५ तारखेला. कायद्याच्या हिशेबानेच ती तीन दिवस उशिरा होती. प्रत्यक्षात तर चार.

यावरून नोटीस आपोआप रद्द होते, असा अनेकांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. चौदा दिवस उलटल्यावरही कंपनी गाडी चालवणाऱ्याकडून पैसे मागू शकते. ती गमावते एवढेच, की चालक कोण हे ठाऊक नसताना मालकाला धरण्याचा अधिकार. म्हणून सगळे प्रकरण एका प्रश्नावर येऊन थांबले: पहिल्या अर्जात नवऱ्याने "मी गाडी चालवत होतो" असे लिहून ठेवले होते का? आम्ही घाईघाईने तो अर्ज उघडला. सुदैवाने त्याने सगळीकडे "आम्ही" लिहिले होते. आम्ही आलो, आम्ही चहा घेतला, आम्ही निघालो. आपल्या भाषेतली 'मी'ऐवजी 'आम्ही' म्हणण्याची सवय इंग्रजीत उतरली होती आणि तिने शंभर पौंड वाचवले. गाडी नवरा चालवतो आणि मीही चालवते. विमा दोघांचा आहे. त्या दिवशी स्टिअरिंगवर कोण होते हे सांगण्याचे बंधन खासगी नोटिशीच्या बाबतीत मालकावर नसते, म्हणून ते मी येथेही सांगत नाही. खोटे बोलायचे नाही, पण न विचारलेले सांगायचेही नाही, हा भेद सासूबाईंना फारसा रुचला नाही. "उशीर तर झालाच होता ना?" असे त्या म्हणाल्या, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. पॉपलाचे संकेतस्थळ साधे आहे. संकेतांक आणि गाडीचा नंबर टाकला की अर्ज उघडतो. अपिलाचे कारण निवडण्यासाठी काही तयार पर्याय दिलेले असतात. ज्यांना आपले म्हणणे सविस्तर मांडायचे आहे त्यांनी 'इतर' हा पर्याय घ्यावा, स्वतंत्र पत्र लिहून ते पीडीएफ स्वरूपात जोडावे. आम्ही तीन मुद्दे मांडले. पहिला चौदा दिवसांचा. दुसरा फलकांचा. तिसरा असा, की जागेच्या मालकाने या कंपनीला तेथे नोटिसा देण्याचा अधिकार दिल्याचा करार दाखवावा. आईचा पाय आणि पर्स यांना या वेळी पूर्ण फाटा दिला. ते जड गेले, पण आवश्यक होते. पॉपला नोटीस नियमाप्रमाणे दिली गेली की नाही एवढेच तपासते. मोजके अपवाद सोडले तर वैयक्तिक अडचणीवरून नोटीस रद्द करण्याचा अधिकार तिला नाही. अपवादांतला एक उपयोगी आहे: मशीनवर गाडीचा नंबर टाकताना एखादे अक्षर चुकले असेल तर नोटीस रद्द व्हावी, आणि चूक मोठी असेल तर रक्कम २० पौंडांवर यावी, अशी संहितेत सोय आहे.

फलकांच्या मुद्द्यावर मी जरा जास्तच मेहनत घेतली. एका संध्याकाळी टेप आणि कॅमेरा घेऊन मी त्याच जागी गेले. अर्थात या वेळी बसने. प्रवेशाशी असलेल्या फलकावर 'दोन तास मोफत' ही अक्षरे तळहाताएवढी होती आणि रस्त्यापलीकडूनही दिसत होती. १०० पौंडांची ओळ त्याच फलकाच्या खालच्या तिसऱ्या भागात, निळ्यावर राखाडी रंगात होती आणि चार पावलांवर येऊन मान वर केल्याशिवाय मला ती वाचता आली नाही. फलकाची खालची कड जमिनीपासून सव्वासात फूट भरली. बीव्हिस खटल्यात कंपनी जिंकली यामागे तेथील फलक ठळक आणि सहज वाचता येण्याजोगे होते हे एक महत्त्वाचे कारण होते, त्यामुळे त्या निकालाचाच आधार घेऊन येथे तसे नाही, हे मी फोटोंसह मांडले.

अपील दाखल झाल्यावर कंपनीला पुरावे देण्यासाठी एकवीस दिवस मिळतात. अनेकदा कंपनी पुरावे देतच नाही आणि नोटीस तेथेच मागे घेतली जाते. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत तसेच झाले होते. आमच्या कंपनीने मात्र बेचाळीस पानांचा गठ्ठा पाठवला. त्यातले फलकांचे फोटो पाहून हसू आले. झाडे हिरवीगार, पानांनी लगडलेली. ८ मार्चला इंग्लंडात ती झाडे म्हणजे नुसत्या काटक्या असतात. करारातला निम्मा मजकूर काळ्या पट्ट्यांनी झाकलेला होता. चौदा दिवसांच्या मुद्द्यावर त्यांचे एकच वाक्य होते: नोटीस तेराव्या दिवशी काढली आहे, सबब ती मुदतीत आहे. नोटीस काढणे आणि ती पोहोचणे यांतला फरक त्यांना कळला नव्हता, किंवा कळूनही तो आमच्या लक्षात येणार नाही असे त्यांनी धरले होते.

गाडीवाल्याला या पुराव्यांवर टिप्पणी करण्यासाठी सात दिवस मिळतात आणि त्या टिप्पणीत नवा मुद्दा काढता येत नाही. ही अट पुष्कळांना महागात पडते. पहिल्या अपिलात जे लिहिले नाही, ते गेले. शिवाय पुरावे आल्याची सूचना ई-मेलने येते, तेव्हा त्या आठवड्यात सुट्टीवर असणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच. आम्ही हिरव्या झाडांविषयी दोन ओळी लिहिल्या आणि तारखांचा तक्ता पुन्हा जोडला.

अपील केल्यापासून सुमारे सात आठवड्यांनी निकाल आला. दोन पानांचा होता, स्वच्छ भाषेत लिहिलेला. आधी दोन्ही बाजूंचे म्हणणे थोडक्यात, मग कारणमीमांसा. अर्जदार हाच चालक होता असे उपलब्ध कागदांवरून दिसत नाही. म्हणून मालकाची जबाबदारी तपासावी लागते. नोटीस २५ मार्चला पोहोचली असे धरावे लागते. मुदत २२ला संपली होती. सबब अपील मान्य. शेवटी एक वाक्य होते की, या मुद्द्यावर अपील मान्य केल्यामुळे उरलेल्या मुद्द्यांचा विचार करण्याची गरज नाही. म्हणजे माझी टेप, सव्वासात फूट आणि बसचे भाडे, सगळे वाया. थोडा राग आला, पण निर्णय देणाऱ्याची पद्धत योग्यच होती. मोजकी आणि कागदाला धरून.

निःपक्षपातीपणाचा प्रश्न नेहमी विचारला जातो. कंपन्यांच्या पैशांवर चालणारी सेवा कंपन्यांविरुद्ध निकाल कसा देणार? पॉपलाचे कामकाज बाहेरची संस्था पाहते, स्वतः ब्रिटिश पार्किंग असोसिएशन नव्हे, आणि आमच्या निकालात तरी मला कोठे झुकते माप दिसले नाही. खरी उणीव वेगळीच आहे. सगळे कागदावर चालते. तोंडी म्हणणे मांडता येत नाही. एका परीक्षकाचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, त्यामुळे सारख्याच फलकांवर दोन निकाल वेगळे लागू शकतात. निर्णयावर पुढे अपील नाही. एक गोष्ट मात्र गाडीवाल्याच्या बाजूची आहे: निर्णय कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला नाही. हरलात तरी पैसे न भरता कंपनी कोर्टात जाते का याची वाट पाहता येते. ते धैर्य ज्याचे त्याने ठरवावे.

ज्यांची नोटीस इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दुसऱ्या संघटनेच्या सदस्य कंपनीची असेल, त्यांना पॉपलाचा दरवाजा बंद आहे; त्यांच्यासाठी इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस आहे. नोटिशीच्या तळाशी कोणत्या संघटनेचे बोधचिन्ह आहे ते आधी पाहावे. रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांच्या जागांना अनेकदा उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते वेगळे कायदेशीर नियम, लागू असतात, तेथे चौथ्या परिशिष्टाचा हिशेब वेगळा होतो. आणि ज्या दुकानात तुम्ही खरेदी केली त्याच्या व्यवस्थापकाला पावती दाखवून नोटीस रद्द करून घेण्याची विनंती करणे हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे. सविनय अर्ज तेथे चालतो. आम्हाला तो फार उशिरा सुचला.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन. अर्धा गुण वाढला असता, जर अपील करणाऱ्याची सवलत शाबूत राहिली असती.

सासऱ्यांची ती उभ्या रेघांची वही आता आमच्याकडेच राहिली आहे. जूनमध्ये मंडळातल्या एका मित्राला अशीच नोटीस आली आणि तो ती घेऊन मोठ्या आशेने आमच्याकडे आला. वही काढली, दिवस मोजले. नोटीस नवव्या दिवशी पोहोचली होती, पहिल्या तक्रारीत त्याने "मीच चालवत होतो" असे स्पष्ट लिहिले होते, आणि फलकाच्या फोटोत रक्कम वितभर अक्षरांत दिसत होती. सवलतीचे दोन दिवस उरले होते. त्याने चहा संपवला आणि आमच्या सोफ्यावर बसूनच साठ पौंड भरले.